मालकांची कवळी

"बायकांचा हात हलका असतो. निसर्गानं पॉलिशसाठीच घडवलाय म्हणा ना," बापू म्हणाले आणि मागच्या खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. तीही हसली. घडलं ते एवढंच. बुधवारी अकराच्या चहाला घडलं आणि कप विसळून होईपर्यंत बाकीच्या ते विसरूनही गेल्या. बापूंनी हातातला कागद चार पिनांनी भिंतीवर टोचला, दोन पावलं मागे सरकून तो सरळ लागलाय ना ते बघितलं आणि ते पुढच्या खोलीत निघून गेले. कागदावर लिहिलं होतं, बाईट घेणं आणि दात मांडणं पुढच्या खोलीत होईल. साचे, पॉलिश व साफसफाई मागच्या खोलीत. मागच्या खोलीने पुढून आलेल्या कामात कोणताही बदल करू नये. खाली सही, सहीखाली 'मुख्य तंत्रज्ञ'. वास्तविक मुख्य तंत्रज्ञ व्हायला अजून तीन दिवस होते. शनिवारी लॅबला चाळीस वर्षं पुरी होत होती, शहरातले झाडून सगळे दातांचे डॉक्टर दुपारी जेवायला यायचे होते आणि मालक त्यांच्यासमोर जावयाचं नाव जाहीर करणार होते. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. तोंडावर सगळे त्यांना 'सर' म्हणत, मागच्या खोलीत मात्र ते जावईबापू होते, आणि घाईच्या वेळी नुसतेच बापू. बापू बोलले याचा तिला राग नव्हता. बापूंच्या तोंडून दुसरं काय निघणार? तिला राग होता तो आपल्या हसण्याचा. कुणी हसायला सांगितलं नव्हतं, कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं, तरी ओठ आपले आपण फाकले आणि गालाला सुरकुत्या पडल्या. संध्याकाळी बसमध्ये खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला तेव्हा तो मिटलेला होता, पण गालाच्या स्नायूला ते हसू अजून आठवत होतं, जिना चढल्यावर पोटरीला आठवावा तसं. सव्वीस वर्षं ती लोकांची तोंडं घडवत होती आणि तिचं स्वतःचं तोंड तिच्या ताब्यात नव्हतं.

लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीला खिडक्या होत्या, उंच स्टुलं होती आणि प्रत्येक टेबलावर पितळेचं एक यंत्र होतं. त्यात वरचा आणि खालचा साचा बसवला की ते जबड्यासारखी उघडझाप करी. तिथे पुरुष बसत. मागच्या खोलीत प्लास्टरची धूळ, उकळत्या पाण्याची भांडी, पॉलिशची चाकं आणि बायका. असा नियम कुणी केला नव्हता, आणि म्हणूनच तो कुणी मोडलाही नव्हता. ती बाविसाव्या वर्षी इथे आली तेव्हा पुढच्या खोलीत मास्तर होते. तिरसट माणूस. दिवसाला चार शब्द बोलत, त्यातले तीन शिव्या असत. पण ती साचे पोचवायला जाई तेव्हा दारात रेंगाळते हे त्यांनी हेरलं होतं. एक दिवस मान वर न करता ते म्हणाले, "उभी राहून बघायचं असेल तर नीट बघ. उजेड अडवू नकोस." उजेड न अडवता ती सतरा वर्षं बघत राहिली, आणि पुढे पुढे दुपारच्या सुट्टीत त्यांच्या स्टुलावर बसून दातही मांडू लागली. मास्तरांनी तिला सांगितलं होतं की कवळीत दात सोपे, बाईट अवघड. वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठे टेकतो ते सापडलं तर बाकी सगळं आपोआप जमतं, आणि ते हुकलं तर दात मोत्यासारखे लावूनही माणूस सफरचंदाचा तुकडा तोडू शकत नाही. आणि पेशंटला 'दात दाबा' असं कधी म्हणायचं नाही. दात नसलेला माणूस तसं म्हटलं की बिचकतो, आज्ञाधारकपणे खालचा जबडा पुढे काढतो, आणि आपण तेच खरं धरून चालतो. त्याला गप्पांना लावायचं, दमवायचं, मग सांगायचं, "जीभ मागे टाळूला लावा आणि आवंढा गिळा." गिळताना कुणी खोटं वागू शकत नाही. जबडा आपोआप आपल्या घरी जातो.

मास्तर नऊ वर्षांपूर्वी गेले आणि त्यांच्या स्टुलावर जावईबापू आले. आधी ते काय करत होते हे कुणाला नीट माहीत नव्हतं. बोलण्यात पटाईत होते एवढं खरं. आयत्या बिळावर नागोबा. बापू प्रत्येक पेशंटला हसून म्हणत, "दाबा दात, घाबरू नका," आणि पेशंट न घाबरता जबडा पुढे काढी. पहिल्याच आठवड्यात तिच्या ते लक्षात आलं. ती सांगायला गेली तर ते म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला डोकं शिणवता?" मग तिने सांगणं सोडलं आणि दुरुस्त करणं सुरू केलं. मेणात मांडलेले दात घालून बघायला पेशंट बाहेरच्या बाकावर येऊन बसत, तेव्हा ती ट्रे पोचवायच्या निमित्ताने तिथे जाई, त्यांच्याशी मुलाबाळांचं बोले आणि उठता उठता म्हणे, "जरा आवंढा गिळा बघू." मग दुपारच्या सुट्टीत दार लोटून मेण तापवायचं, दात सैल करायचे, मागे घ्यायचे. अर्धा तास. जेवणाचा डबा कधी चारला उघडे, कधी तसाच घरी जाई. नऊ वर्षं. शहरभर हजारो माणसं तिने लावलेल्या बाईटने जेवत होती, हसत होती, भांडत होती, आणि प्रत्येक ट्रेवरच्या चिठ्ठीवर सही बापूंची होती. हे आपण का करतो, असं तिने स्वतःला विचारलं तर उत्तर तयार असे: पेशंटचा काय दोष? आणि त्या उत्तराखाली आणखी एक उत्तर होतं, जे ती मोठ्याने म्हणत नसे: मालकांना माहीत नाही. ते बिचारे कधी टेबलावर बसले नाहीत, त्यांना यातलं काय कळणार? ज्या दिवशी कळेल त्या दिवशी बोलावतील. त्या 'बिचारे'वर तिने नऊ वर्षं काढली होती.

बुधवारी रात्री ताटावर तिने नवऱ्याला कागदाचं सांगितलं. नवरा सरळ माणूस. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "तू फार मनाला लावून घेतेस." त्याने पाव रश्शात बुडवला, भिजवून मऊ करून खाल्ला, आणि तिला आई आठवली. आईचे दात चाळिशीतच गेले. वडिलांचे पाच वर्षांनी गेले. वडिलांना महिन्याच्या आत कवळी आली. आईने एकदाच विचारलं होतं, भांडी पुसता पुसता, पाठमोरी, "मला पण करायची का हो?" आणि वडील हसून म्हणाले होते, "तुला आता कुणाला दाखवायचेत दात?" ते दुष्ट नव्हते. ते गमतीत म्हणाले होते. आई सुद्धा हसली होती, तोंडावर हात धरून. त्यानंतर चौदा वर्षं आई तोंडावर हात धरूनच बोलली, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटी पाव भिजवून खात राहिली. मास्तरांच्या स्टुलावर बसून तिने पहिली अख्खी कवळी केली ती आईची. रविवारी वडील बाहेर गेल्यावर आईने स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून सफरचंदाचा घास तोडला. कच्चकन आवाज झाला. आई इतकी दचकली की तिने मागे वळून बघितलं, कुणी दुसरंच आवाज करतंय की काय म्हणून. मग दुसरा घास, तिसरा. रस हनुवटीवर ओघळत होता आणि आईचे डोळे वेड्यासारखे चमकत होते. तेवढ्यात जिन्यावर वडिलांची पावलं वाजली आणि आईने दोन्ही दातपंक्ती काढून पदरात लपवल्या. सफरचंद टाकलं कचऱ्यात. आई गेली तेव्हा तिने ती कवळी डबीतून काढून आणली होती, शेवटचं तोंड तरी भरलेलं दिसावं म्हणून. वडील म्हणाले, "राहू दे. तशीच बरी दिसते." तिथे पंधरा माणसं होती. ती काही बोलली नाही. मूग गिळून बसणं म्हणतात ना, ते तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, ते तिच्याकडे आईच्या बाजूने आलं होतं. आता वडीलही नव्हते आणि तिच्या मनातलं उत्तर वीस वर्षं उशिरा तयार झालं होतं. ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं, आणि याचा तिला भयंकर राग येत होता.

गुरुवारी सकाळी फळीवर पाच ट्रे होते. पाचही बापूंच्या हातचे, पाचही जबडे पुढे. त्यातल्या चार ट्रेंचे पेशंट दुपारपर्यंत बाकावर येऊन गेले. भिंतीवरचा कागद तिच्या डोक्यावरच होता. तिने दार लोटलं, मेण तापवलं आणि चौघांचे जबडे आपापल्या घरी आणले. त्या चौघांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं. पाचव्या ट्रेवरच्या चिठ्ठीत नावाच्या जागी 'घरचे' असं लिहिलं होतं. पण तिने साचा हातात घेतला आणि ओळखला. डावीकडे हिरडीला खड्डा, टाळू उंच, सव्वीस वर्षं जो जबडा तिला "ए पोरी" म्हणून हाक मारत आला होता तो. अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी ती 'पोरी'च. मालकांचे उरलेसुरले दात दोन महिन्यांपूर्वी काढले होते आणि तेव्हापासून ते नाकाखाली रुमाल धरून फिरत होते. शनिवारच्या भाषणासाठी कवळी करायचा मान जावयाने स्वतःकडे घेतला होता, आणि मेणातले दात तोंडात घालून बघायची पायरी त्याने गाळली होती. घरचंच तर माणूस, त्यात काय बघायचं! खालचा जबडा जवळजवळ अर्ध्या दाताने पुढे होता. तिला हसू आलं, आणि हे हसू तिचं स्वतःचं होतं. मग लगेच सवयीने हात मेणाच्या सुरीकडे गेला. काही झालं तरी म्हातारा माणूस, चाळीस वर्षांची लॅब, भरल्या सभेत फजिती. तिने सुरी दिव्यावर धरली सुद्धा.

तेवढ्यात मालक आत आले. ते मागच्या खोलीत सहसा येत नसत. तोंडावर रुमाल होता. बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या; पॉलिशच्या चाकावर एकट्याच बसलेल्या काकूंना त्यांनी हाताने बाहेर जायला खुणावलं, दार लावलं आणि रुमालाआडून, बोळक्या तोंडाने, सावकाश म्हणाले, "पोरी, माझं जरा नीट बघून दे हं."

"सरांनी बाईट घेतलीय ना, मालक," ती म्हणाली.

"घेतलीय गं." त्यांनी बंद दाराकडे बघितलं. "पण तू नेहमी करतेस तसं. दुपारी."

तिच्या हातातली सुरी तापून लाल व्हायला आली होती. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"न ठाऊक असायला काय झालं? डॉक्टर लोकांच्या तक्रारी येत नाहीत, त्या कुणामुळे येत नाहीत ते मला कळत नाही होय? पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे." त्यांनी आपुलकीने तिच्या खांद्यावर थोपटलं. "पण हे आपल्यातच असू दे. त्याला पुढे लॅब चालवायचीय. बाईच्या हातचं म्हटलं की डॉक्टर दहा शंका काढतात. तुला कशाला हवीय ती दगदग? तू घरच्यासारखी. आणि सही कुणाची का असेना, काम तर होतंय."

"हो मालक," ती म्हणाली. ते गेले. काकू परत येऊन चाकावर बसल्या आणि चाकाचा आवाज सुरू झाला, आणि त्या आवाजात ती बसून राहिली. नऊ वर्षं. पहिल्या वर्षापासून. म्हणजे ती दार लोटून बसे तेव्हा त्या दाराबाहेरून जाताना ते पाऊल न वाजवता जात असतील. म्हणजे तिचा बंद डबा त्यांनी बघितला असेल. ज्या माणसाला काही माहीत नाही म्हणून तिने माफ केलं होतं, त्याला सगळं माहीत होतं आणि त्याला ते सोयीचं होतं. डोकं गरम होईल असं तिला वाटलं होतं, पण उलट ते थंड पडलं. हातपाय हलके झाले. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. असं वाटणं बरं नव्हे, हेही तिला कळत होतं. आपल्यात इतका दात धरणारी बाई राहत होती आणि आपण रोज तिलाच पॉलिशला बसवत होतो, याची तिला थोडी भीतीही वाटली. तिने दिवा विझवला. सुरी पुसून जागेवर ठेवली. मग खुर्ची वळवून भिंतीवरचा कागद पहिल्यांदा सबंध वाचला. कोणताही बदल करू नये. तिने केला नाही.

शुक्रवारी चारच्या आत साचे बंद करून उकळत्या पाण्यात टाकावे लागत. मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक एकदा शिजलं की देव आला तरी बाईट बदलत नाही. साडेतीनपर्यंत ती तीनदा उठली आणि तीनदा बसली. दात वाजणार, हिरडी सोलवटणार, घास अडकणार, तिला एकेक माहीत होतं. पावणेचारला तिने साचा स्वतःच्या हाताने पाण्यात सोडला आणि झाकण ठेवलं. नंतर तिने त्या कवळीला असं पॉलिश केलं की काकू म्हणाल्या, "बाई, बाई! यात बघून भांग पाडावा." खरंच हलका होता तिचा हात. शनिवारी सकाळी बापू येऊन ती कवळी मखमली डबीतून घेऊन गेले.

हॉलमध्ये चाळीसेक डॉक्टर होते. पुढच्या खोलीतले पुरुष पाहुण्यांबरोबर टेबलांवर बसले होते. मागच्या खोलीतल्या बायकांना पाणी आणि नॅपकिन द्यायचं काम होतं. ती पाण्याचा जग घेऊन भिंतीशी उभी होती. मालक नवे दात घालून आले, जरा अवघडल्यासारखे, बापू शेजारच्याला सांगत होते, "नव्या बुटासारखं असतं, रुळेल." मालक माईकपाशी गेले आणि म्हणाले, "मित्रहो." टक्. आवाज बारीक होता, पण माईकने तो सगळीकडे पोचवला. दुसऱ्या एखाद्या सभेत कुणाचं लक्षही गेलं नसतं. इथे चाळीस चमचे एकदम थांबले. या लोकांचा धंदाच तो. आंधळ्यालाही ओळखू येईल अशी चुकीची बाईट त्यांना आवाजावरून कळत होती. "चाळीस वर्षांपूर्वी," टक्, "एका लहानशा," टक्. 'स' आला की शीळ वाजे आणि 'प' आला की खालची पंक्ती उचलून पुढे येई. मालकांनी हनुवटी मागे खेचली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा टक्. ती मोजत नव्हती पण प्रत्येक आवाज तिच्या छातीत गोड लागत होता. "आणि आज आमचे मुख्य तंत्रज्ञ म्हणून," एवढं म्हणेपर्यंत खालची पंक्ती निसटली, मालक ठसकले, त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि तो बाजूला केला तेव्हा तोंड आत गेलेलं होतं आणि रुमालात दात होते.

पहिल्या टेबलावर शहरातले सगळ्यात जुने डॉक्टर बसले होते, बहिऱ्या कानाचे आणि फटकळ. त्यांना कुणाच्या मानाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी मोठ्याने विचारलं, "बाईट कुणाची?"

सगळे बापूंकडे बघायला लागले. बापू उभे राहिले, हसले. "मी घेतली तेव्हा बरोबर होती, डॉक्टर. मागच्या खोलीत बिघडवली असणार. बायकांना सांगून थकलो की हात लावू नका, कागद सुद्धा लावलाय." आणि त्यांनी थेट तिच्याकडे बोट केलं. "विचारा त्यांना."

चोराच्या उलट्या बोंबा तिने आयुष्यात खूप ऐकल्या होत्या. हातातला पाण्याचा जग जड होता. तिने तो खाली ठेवला. गालाचा स्नायू हसायला निघाला होता, तो तिने जागच्या जागी धरला. "मी हात लावला नाही," ती म्हणाली. "लावला असता तर बसली असती."

कुणीतरी खुर्ची सरकवली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी कानामागे हात धरला. "म्हणजे एरवी लावता?"

"नऊ वर्षं. तुमच्या पेशंटांच्याही."

"काहीतरीच," बापू म्हणाले.

"मालकांना विचारा. त्यांना ठाऊक आहे."

मालकांनी माईक धरला आणि ते बोलले. दोन-तीन वाक्यं बोलले. बोळक्या तोंडातून वारा आणि थुंकी तेवढी आली. मागच्या टेबलावर कुणी फिसकन हसलं. ते काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही. तिने विचार केला नव्हता तो नेमका याचा. तिच्या बाजूने साक्ष देऊ शकणारं जगात एकच तोंड होतं आणि ते तिने स्वतःच्या हाताने उकळत्या पाण्यात सोडलं होतं. बापूंना हे तिच्याआधी कळलं. ते लगबगीने म्हणाले, "बाबा म्हणतायत की असं काही नाही."

ती पुढे झाली. टेबलावरचं निमंत्रणाचं कार्ड उचललं, कोरी बाजू वर केली, म्हाताऱ्या डॉक्टरांच्या खिशातलं पेन न विचारता काढलं आणि कार्ड आणि पेन मालकांसमोर ठेवलं. "लिहा," ती म्हणाली. त्यांना ती आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी करायला सांगत होती. मालकांनी जावयाकडे बघितलं, मग समोर बसलेल्या चाळीस डॉक्टरांकडे. व्यवहारी माणूस. सोमवारी हे चाळीस जण आपली कामं कुठे पाठवतील याचा हिशेब त्यांच्या कपाळावर उमटत गेला आणि ती तो उभ्याउभ्या वाचत राहिली. त्यांना पश्चात्ताप झालेला नव्हता. तिला तो नकोच होता. त्यांनी लिहिलं. कार्ड ते म्हाताऱ्या डॉक्टरांना देणार होते, ते तिने मध्येच घेतलं आणि माईकपाशी जाऊन वाचलं.

"गेली नऊ वर्षं आमच्याकडच्या सगळ्या बाईट हीच लावते. मला ठाऊक होतं."

माईकमधून आलेला स्वतःचा आवाज तिला परका आणि चांगला वाटला. भिंतीशी काकूंनी हातातले नॅपकिन छातीशी धरले होते. तिने कार्ड परत मालकांपुढे ठेवलं. "खाली सही राहिली," ती म्हणाली. मालकांनी सही केली. बापू केव्हा खाली बसले ते तिने बघितलं नाही.

मालकांनी रुमाल दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. आत दात चकाकत होते. त्यांचे डोळे ओले होते, आणि तिला त्यांची दया येईल असं तिला क्षणभर वाटलं, पण आली नाही. तिने रुमाल घेतला नाही. "ही दुरुस्त होत नाही," ती म्हणाली. "माप पहिल्यापासून घ्यावं लागेल. सोमवारी पुढच्या खोलीत या."

"आणि तयार कधी होईल?" म्हाताऱ्या डॉक्टरांनी मालकांच्या वतीने विचारलं.

"सहा आठवडे लागतील," ती म्हणाली.

कवळी आठवड्यात होते हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मालकांना तर सगळ्यांत जास्त.